पाइनचं रान, नदी आणि दलदल: केर्नगॉर्ममध्ये गटाने भटकायचं तर

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींचे भटके गट उन्हाळा आला की स्कॉटलंडची वाट धरतात. त्यातले बरेच जण सह्याद्रीत तयार झालेले असतात. चढ, पाऊस, धुकं यांचं त्यांना काही वाटत नाही. तरीही तिथल्या केर्नगॉर्म डोंगररांगेच्या रानात हे गट अडकतात, आणि दरवेळी जवळपास त्याच कारणांनी. आधी ठिकाण ठरतं, मग गाड्या, मग मुक्काम, मग कोण काय खायला आणणार ते. हवामान कुणीतरी आदल्या रात्री बघतं. नदीला किती पाणी आहे ते काठावर पोचल्यावरच कळतं.

इथे हा क्रम उलटा हवा. आधी पाणी बघायचं, मग जमीन, मग दिवसाचा उजेड, आणि या तिघांत जे बसेल तेच ठिकाण धरायचं. सह्याद्रीत भर पावसातही पावलाखाली बहुतेक वेळा कातळ किंवा मुरूम लागतो. इथे लागतं ते पीट, म्हणजे शेकडो-हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेल्या शेवाळाचा पाण्याने भरलेला थर. कोरड्या आठवड्यात जी वाट तासाभराची असते, तीच पावसानंतर दोन तास घेते आणि कधी कधी बंदच होते.

पुढचे टप्पे एव्हिमोर गावाच्या आसपासचा टापू धरून लिहिले आहेत: ग्लेनमोर, ॲबरनेथीचं जंगल आणि ग्लेन फेशी, म्हणजे फेशी नदीचं खोरं. वरच्या उघड्या पठारावर किंवा बर्फात जायचं असेल तर एवढ्यावर भागणार नाही, त्याचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं.

टप्पा १: महिना निवडा

पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने मे महिन्याचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरची अखेर धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मे अखेरीस दिवस मोठा असतो आणि मिजेस, म्हणजे इथली चावरी चिलटं, नुकती कुठे सुरू होत असतात. जून ते ऑगस्ट त्यांचा भर असतो. वारा पडलेला, हवा दमट आणि वेळ सकाळ-संध्याकाळची असेल तर ओढ्याकाठी पाच मिनिटं उभं राहणं मुश्कील होतं.

मे महिन्याची एक अडचण मात्र आहे. वरच्या डोंगरांवर बर्फ शिल्लक असतो, आणि ऊन पडलं की दुपारनंतर ओढ्यांचं पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा परतीच्या वेळी गुडघ्यापर्यंत आलेला असतो.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा हरणांच्या शिकारीचा मुख्य काळ. ही शिकार कायदेशीर असते आणि तिची आखणी जमीनमालक करतात. वाटेच्या सुरुवातीला त्याच्या पाट्या लावलेल्या असतात. त्या वाचा आणि सुचवलेल्या वाटेनेच जा.

डिसेंबरमध्ये नवख्यांना नेऊ नका. तेव्हा दिवस जेमतेम साडेसहा-सात तासांचा असतो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये हाच दिवस अठरा तासांच्या आसपास जातो.

टप्पा २: गट बांधा, आणि कामं नावानिशी वाटा

सहा ते आठ माणसं हा चांगला गट. पंधरा-वीस जण असतील तर दोन-तीन स्वतंत्र गट करा. प्रत्येकाचा म्होरक्या, नकाशा आणि शिट्टी वेगळी हवी. मोठ्या घोळक्यात प्रत्येकाला वाटतं की वाटेकडे दुसरं कुणीतरी बघतंय.

तीन कामं तीन वेगळ्या माणसांकडे द्या. पुढचा माणूस वाट धरतो. मागचा, ज्याला आपण टेल म्हणतो, सगळ्यांच्या मागेच राहतो. त्याच्या मागे कुणीही नाही, अगदी फोटो काढायलाही नाही. तिसरा फक्त घड्याळ आणि नकाशा बघतो. हे तिसरं काम बहुतेक गट कुणालाच देत नाहीत, आणि उशीर होतोय हे त्यामुळे फार उशिरा लक्षात येतं.

सगळ्यात हळू चालणाऱ्याला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवा. त्याला मागे ठेवलंत तर पुढचे थांबून विसावा घेतात, हा पोचला की लगेच निघतात, आणि ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असते त्यालाच ती मिळत नाही.

भारतातून आई-बाबा आलेले असतील आणि त्यांनाही हे रान दाखवायचं असेल, तर त्यांना या गटाच्या वेगाला जुंपू नका. लॉख ॲन आयलेन या तळ्याभोवतीची सुमारे पाच किलोमीटरची सपाट फेरी त्यांच्यासोबत निवांत करा. जुने पाइन तिथे अगदी वाटेवर भेटतात.

> तपासा: परत फिरायची वेळ घरी बसून ठरली आहे का, आणि ती सगळ्यांना माहीत आहे का? "बघू तिथे गेल्यावर" असं उत्तर आलं, तर ती ठरलेली नाही असं समजा.

टप्पा ३: नकाशावर आधी पाणी शोधा

ग्लेनमोर-एव्हिमोर भागासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर ओएल ५७ हा १:२५,००० चा नकाशा घ्या, छापील. फोनमधला नकाशा जोडीला ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. जंगलात रेंज नसते, आणि थंडीत-पावसात बॅटरी भराभर उतरते.

नकाशा पसरून तीन गोष्टी या क्रमाने पेन्सिलीने खुणा करा:

१. आपली वाट निळी रेघ जिथे जिथे ओलांडते, ती प्रत्येक जागा. तिथे पूल आहे की नुसता उतार, म्हणजे पाण्यातून चालत पार व्हायची जागा, ते लिहा.
२. निळ्या गवतासारख्या खुणांचा भाग. ती दलदल. वाट तिच्यातून जाते की कडेने, ते बघा.
३. प्रत्येक ओलांडणीच्या अलीकडे परतीची सोय. पलीकडे गेल्यावर पाणी चढलं तर कुठून बाहेर पडणार?

नकाशावरचा पूल जमिनीवर असेलच असं धरून चालू नका. ग्लेन फेशीतला कार्नाकूइनचा पूल २००९ च्या पुरात वाहून गेला, आणि त्यानंतरही जुन्या नकाशांच्या भरवशावर माणसं तिथे पोचत राहिली. फेशी ही नदीच तशी आहे. गोट्यांच्या रुंद पात्रात तिच्या अनेक धारा फुटतात आणि मोठ्या पुरात त्या जागा बदलतात. नकाशाची आवृत्ती कोणत्या वर्षाची आहे ते बघा, आणि पुलांची ताजी खबर स्थानिकांकडून घ्या.

मग वेळेचं गणित. नेस्मिथचा जुना नियम सांगतो: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हा नियम धडधाकट माणसाचा, चांगल्या वाटेवरचा आणि न थांबता चालण्याचा. आठ जणांच्या गटाला पक्क्या वाटेवरही दीडपट वेळ धरा. वाट सोडून हेदरच्या झुडपांतून किंवा दलदलीतून जायचं असेल तर ताशी दीड किलोमीटरपेक्षा जास्त धरू नका.

पहिल्या दिवसासाठी ग्लेनमोरहून ॲन लॉखन ऊआन्ये या हिरव्या तळ्यावरून रायव्होन बॉथीपर्यंत (बॉथी म्हणजे भटक्यांसाठी उघडी असलेली साधी झोपडी) जाऊन परत या. एकूण आठेक किलोमीटर, वाट पक्की, चढ थोडा. गटाची चाल इथे कळते. ती बरी निघाली तर दुसऱ्या दिवशी तीच वाट पुढे ॲबरनेथीच्या जंगलातून नेथी ब्रिजपर्यंत न्या. हे पंधरा-सोळा किलोमीटर होतात आणि परतीच्या वाहनाची सोय आधी लावावी लागते. पहिल्याच दिवशी ग्लेन फेशी आणि नदी ओलांडणं नको.

टप्पा ४: सामान भरा, आणि कोणाच्या पाठीवर काय ते ठरवा

सामानाची लांबलचक यादी सगळ्यांकडे असते. चुका ठरावीकच होतात, म्हणून त्याच सांगतो.

जीन्स आणि सुती टी-शर्ट घरीच ठेवा. भिजलेलं सुती कापड अंगाला चिकटून अंगातली ऊब ओढून घेतं. १० अंश तापमान, वारा आणि ओले कपडे एवढ्यावरही माणूस धोकादायकरीत्या गारठतो, बर्फ पडायला लागत नाही. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर उबदार थर, आणि वर पाणी न शिरणारं जॅकेट. पँटही तशीच हवी. जॅकेटवर तीनशे पौंड घालणारे लोक पँट विसरतात आणि हेदरमधून चालताना कमरेखाली चिंब होतात.

घोट्याच्या वर येणारे बूट आणि गेटर्स, म्हणजे बुटावरून पिंढरीपर्यंत चढवायची आवरणं, घ्या. मोज्यांचा एक जास्तीचा जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून ठेवा, आणि तो दिवस संपेपर्यंत उघडू नका. दोन काठ्या प्रत्येकी. दलदलीत आणि नदीत काठी हाच तिसरा पाय असतो.

गटाचं म्हणून एकत्र सामान: दोन होकायंत्रं, प्रथमोपचार, सहा-आठ जण आत बसू शकतील असा आपत्कालीन शेल्टर, दोन हेडटॉर्च जास्तीचे, बारीक टोकाचा चिमटा किंवा गोचीड काढायचा हूक. हे सगळं एकाच सॅकमध्ये भरू नका. ती सॅक नेमकी दुसऱ्या काठावर राहते.

खाण्याचं म्हणाल तर आपल्याकडचं बरंच काही इथे उत्तम चालतं. दुधातल्या दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या गार हवेतही मऊ राहतात आणि हातमोजे घालूनही खाता येतात. चिक्की आणि लाडू वरच्या खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको. दर तासाला थोडं खायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. ओढ्याचं पाणी प्यायचं असेल तर गाळून-उकळूनच.

> सावधान: गटातल्या एकाकडे तरी पाऊस-पँट नसेल, तर त्या दिवशी सगळ्या गटाने पक्की जंगलवाट धरावी. गटाची तयारी सर्वांत कमी तयार माणसाएवढीच असते.

टप्पा ५: तीन दिवस आधीपासून पाणी बघायला लागा

केर्नगॉर्मसाठी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस आणि मेट ऑफिस, दोघांचेही डोंगरांसाठीचे अंदाज मिळतात. एव्हिमोर गावाचा अंदाज बघून डोंगराचा निर्णय घेऊ नका. गावात ऊन असताना वर मुसळधार पाऊस चालू असू शकतो, आणि तो सगळा तुमच्याच ओढ्यात उतरतो.

नद्यांच्या पातळीसाठी स्कॉटलंडच्या पर्यावरण संस्थेची, म्हणजे सेपाची, वेबसाइट उघडा. फेशी आणि स्पे या दोन्ही नद्यांवर मापन केंद्रं आहेत. आकड्यापेक्षा आलेखाची दिशा बघा. उतरती रेघ असेल आणि पुढचे चोवीस तास कोरडे असतील तर ठीक. चढती असेल तर नदी ओलांडायचा बेत तिथेच रद्द करा आणि पुलाची वाट धरा.

निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या एका माणसाला लिहून कळवा: वाट, गाडीचा नंबर, किती जण, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर पोलिसांना फोन करायचा. परतल्यावर त्याला कळवायला विसरू नका. विसरलात, तर तुमच्या शोधासाठी माणसं बाहेर पडतात.

फोनवरून ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला एसएमएस करता येतो, पण त्यासाठी नाव आधी नोंदवावं लागतं. ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ वर पाठवा आणि उत्तरात येईल तसं करा. आवाज जाण्याइतकी रेंज नसते तिथेही मेसेज कधी कधी जातो. हे प्रत्येकाने घरूनच करायचं काम आहे.

टप्पा ६: पाइनच्या रानात चालणं

हे जुनं रान लावलेलं नाही. झाडं विरळ, वेगवेगळ्या वयाची, मध्ये जुनिपर, खाली हेदर आणि ब्लेबेरी. म्हणूनच ते सगळीकडे सारखंच दिसतं. शंभर मीटर वाट सोडून आत गेलात की चारही बाजूंना लालसर खोडं, आणि डोंगर एकही दिसत नाही. हरवण्याची सुरुवात इथे होते.

उपाय साधा आहे: सतत एका लांबलचक गोष्टीला धरून चाला. जंगलाचा रस्ता, ओढा किंवा हरणांसाठी घातलेलं उंच कुंपण. वाट सोडायचीच असेल तर सोडण्याआधी होकायंत्रावर दिशा घ्या, आणि परतताना ओढा किंवा रस्ता कोणत्या बाजूला लागेल ते मोठ्याने बोलून सगळ्यांना सांगा.

मार्च ते ऑगस्ट मात्र वाट सोडूच नका. कॅपरकॅली हा मोठा रानकोंबडा याच जंगलात जमिनीवर अंडी घालतो. २०२१-२२ च्या हिवाळी मोजणीत संपूर्ण स्कॉटलंडमध्ये त्याची संख्या ५३२ च्या आसपास असल्याचा अंदाज निघाला, आणि त्यातले बहुतेक याच केर्नगॉर्म राष्ट्रीय उद्यानात आहेत. माणूस जवळ आला की मादी घरटं सोडून उठते, अंडी गार पडतात किंवा भक्ष्य होतात. वसंतात पहाटे नर नाचायला जमतात. त्या जागी जाऊन त्यांना त्रास देणं गुन्हा आहे. पक्षी बघण्याची हौस असलेल्यांनी याबाबतीत स्वतःला आवर घालायला हवा. फोटोसाठी त्याचा माग काढू नका, आणि दिसलाच तर ठिकाण ग्रुपवर टाकू नका. स्पीकरवरची गाणी, हाका, भेंड्या मुक्कामावर होऊ द्यात.

बसण्याआधी जमीन बघा. पाइनच्या सुयांचे गुडघ्याएवढे ढीग दिसतात, ती लाकूडमुंग्यांची वारुळं असतात. काठी खुपसू नका, एका काठीने त्यांची अनेक महिन्यांची बांधणी मोडते. वादळी वारा असेल त्या दिवशी जंगलात जाऊ नका. ओल्या जमिनीत पाइनची मुळं उथळ राहतात आणि झाडं मुळासकट आडवी होतात. दुसऱ्या झाडावर अर्धवट टेकलेल्या खोडाखालून वाट जात असेल तर लांबून वळसा घ्या.

आगीबद्दल माझं मत ठाम आहे: शेकोटी नाही, कधीच नाही. स्कॉटलंडची बाहेर फिरण्याची आचारसंहितासुद्धा जंगलात आणि पीटच्या जमिनीवर आग पेटवू नका असंच सांगते. पीट स्वतः जळतं. वरून पाणी ओतून विझली असं वाटलेली आग जमिनीखाली धुमसत जाते आणि दुसरीकडे वर येते. २०२५ च्या जूनअखेरीस कारब्रिज आणि डावा मूर भागात लागलेल्या वणव्यांत हजारो हेक्टर जमीन जळाली. चहासाठी छोटा गॅस स्टोव्ह, तोही दगडावर किंवा गोट्यांवर ठेवून. निघण्याआधी उद्यान प्राधिकरणाचे आगीबाबतचे चालू नियम वाचा.

तंबूचंही इथेच सांगतो. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने चालण्याचा आणि हलक्या तंबूने राहण्याचा हक्क दिला आहे. तो थोड्या माणसांसाठी आणि एका जागी दोन-तीन रात्रींपुरता आहे. बारा तंबूंचं गाव वसवण्यासाठी तो नाही. मोठा गट असेल तर अधिकृत कॅम्पसाइटवर जागा राखा.

टप्पा ७: दलदल वाचायला शिका, मगच पाय टाका

आधी लाकडी फळ्यांच्या वाटेवरून दलदल नुसती बघा. फेशीब्रिजजवळच्या ऊआ लॉखन्स या तळ्यांच्या भागात अशी वाट आहे, आणि पाइनचं रान, तळं, दलदल तिन्ही एकाच फेरीत दिसतात. ओल्या फळ्या फार निसरड्या असतात, उड्या मारू नका. इथे तासभर घालवून पुढचं ओळखायला शिकलात, तर पुढच्या दिवसाचे निम्मे हाल वाचतील.

रंग आणि झाडं सगळं सांगतात. पोपटी, चमकदार, सपाट शेवाळ दिसलं की थांबा. ते स्फॅग्नम, म्हणजे दलदलीतलं शेवाळ, पाण्यावर तरंगत असण्याची शक्यता मोठी, आणि खाली किती खोल आहे ते दिसत नाही. लालसर-तपकिरी स्फॅग्नमचे उंचवटे त्या मानाने घट्ट असतात. त्याहून घट्ट ते उंचवटे, ज्यांवर हेदर उगवलं आहे. हेदरला मुळाशी सतत पाणी सोसत नाही. कापूसगवत दोन प्रकारचं दिसतं. एका दांड्यावर पांढरे अनेक झुपके लोंबत असतील तर ती जागा बहुधा डबक्याची. एका दांड्यावर एकच ताठ झुपका आणि गवताचे दाट बुंधे असतील तर जमीन थोडी बरी. उघडं काळं पीट दिसलं तर काठी टोचून बघा. वरची सुकलेली साय फसवी असते.

दलदलीतच कमरेएवढे खुरटे पाइन दिसतील. ती रोपं आहेत असं समजू नका. अन्न कमी आणि मुळाशी पाणी, त्यामुळे वाढ खुंटलेली असते. तेवढं झाड शंभर वर्षांचंही असू शकतं. तोल सावरायला त्याला धरू नका.

चालताना असा क्रम ठेवा:

१. पुढचा माणूस काठी टोचतो, मग पाऊल टाकतो. काठी सहज आत गेली तर दिशा बदलतो.
२. उंचवट्यावरून उंचवट्यावर, छोटी पावलं. उडी नाही, उडीत सगळं वजन एका टाचेवर येतं.
३. दोघांत तीन-चार मीटर अंतर.
४. वाट नसलेल्या भागात एकाच ठशात सगळ्यांनी पाय टाकायचे नाहीत. पहिल्या तिघांनी शेवाळाची जाळी सैल केलेली असते, चौथा आत जातो. थोडं पसरून चाला.
५. वाट असेल तर मात्र उलट: एका रांगेत, चिखलाच्या मधूनच. बूट वाचवायला सगळे कडेने गेले की वाट दरवर्षी रुंद होत जाते आणि कडेचं शेवाळ मरतं.

चौथा आणि पाचवा नियम लोक हटकून उलटे पाळतात.

> सावधान: पाऊल टाकल्यावर दोन-तीन मीटरवरची जमीनही हलली, तर तुम्ही तरंगत्या थरावर आहात. आल्या पावलांनी मागे फिरा.

कुणी रुतलं तर पहिल्यांदा सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. धावत जाणारा दुसरा रुततो. रुतलेल्याने सॅक सोडून बाजूला टाकायची, पाय झाडायचे नाहीत. मागे रेलायचं, काठ्या आडव्या धरून त्यांवर वजन पसरायचं, आणि एक पाय हळूहळू हलवत त्याच्याभोवती पाणी शिरू द्यायचं. चिखलाची पकड सैल झाली की पाय निघतो. मग सरपटत, आलेल्या दिशेनेच बाहेर. इतरांनी घट्ट जागेवरून काठी किंवा सॅकचा पट्टा पुढे करायचा. बाहेर आलेल्याला लगेच कोरडे कपडे आणि काहीतरी गोड. तो "मी ठीक आहे" म्हणेल, तरीही द्या.

आणि कचरा. पीटमध्ये प्राणवायू जवळजवळ नसतो आणि पाणी आम्लधर्मी असतं, त्यामुळे तिथे काही धड कुजत नाही. संत्र्याची साल, टिश्यू, चहाची पिशवी वर्षानुवर्षं तशीच राहते. "सेंद्रिय आहे, टाक" हे इथे चालत नाही. शौचाला पाण्यापासून किमान ३० मीटर दूर, कोरड्या जमिनीत, खड्डा करून. कागद पिशवीत बांधून परत आणायचा.

टप्पा ८: नदी

पहिला निर्णय ओलांडायचं की नाही हा. माझा कल नेहमी नाहीकडे असतो. पूल दोन तास लांब असेल तर दोन तास चालणं परवडतं.

इथलं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं. तो पीटचा रंग, त्यात काही वावगं नाही. पण त्यामुळे तळ दिसत नाही आणि खोली नेहमी कमीच वाटते. तेच पाणी गढूळ झालं, त्यावर फेस आणि काटक्या वाहू लागल्या, तळाशी गोटे आपटल्याचा आवाज यायला लागला, की नदीला उतार नाही असं समजून परत फिरा.

काठावर पोचलात की पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा आणि पंधरा मिनिटं चहा प्या. दगड बुडाला तर पाणी चढतंय. ही तपासणी घाई असते तेव्हाच गाळली जाते, आणि तेव्हाच ती हवी असते.

ओलांडायचंच ठरलं तर:

१. जागा निवडा. रुंद, उथळ, सरळ पात्र. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि ओढ जास्त असते. धारा फुटलेल्या असतील तिथे एकेक धार सोपी पडते.
२. खालच्या अंगाला बघा. तोल गेला तर वाहून कुठे जाल? तिथे धबधबा, पूल किंवा आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा बाद. झाडाच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो.
३. बूट पायातच ठेवा. मोजे काढून ठेवा हवे तर. अनवाणी पाय गोट्यांवर टिकत नाही आणि गारठ्याने मिनिटात बधिर होतो.
४. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा. पडलात तर सॅक झटकन काढता आली पाहिजे.
५. तोंड प्रवाहाकडे, काठी वरच्या अंगाला टेकलेली, पाय न उचलता बाजूबाजूने सरकत. एका वेळी एकच गोष्ट हलवायची: काठी किंवा एक पाय.
६. गटाने जायचं तर तिघे-चौघे एकामागे एक. सर्वांत भक्कम माणूस वरच्या अंगाला काठी घेऊन, मागच्यांनी पुढच्याची सॅक धरून त्याला दाबून उभं राहायचं. त्याने रेटा फोडलेला असतो, त्याच्या आडोशाला सगळे एकत्र सरकतात. पुढच्याच्या हाकेवर एक पाऊल.

वेगाचं पाणी गुडघ्यावर आलं की मागे. मध्यावर पोचलो म्हणून पुढे रेटायचं नाही.

> सावधान: कमरेला दोर बांधून नदी ओलांडू नका. सिनेमात ते बरं दिसतं. प्रत्यक्षात पडलेल्या माणसाला ताणलेला दोर पाण्याखाली दाबून ठेवतो.

स्पे नदीच्या काठी फेब्रुवारी ते सप्टेंबर सामन मासे धरणारे गळकरी पाण्यात उभे दिसतील. त्यांच्या पाठीमागून, शांतपणे जा. गळ मागे फेकतात, म्हणून आधी आवाज देऊन मग पुढे व्हा.

टप्पा ९: गडबड झाली तर

थंडी चढलेला माणूस ओळखा: बडबडणारा गप्प होतो, पाय अडखळतात, साधी चेन लावता येत नाही, शब्द जड होतात. चालत राहून ऊब येईल ही समजूत सोडा. शेल्टर उघडा, सगळे आत बसा, ओले कपडे बदला, गोड गरम प्यायला द्या.

मदत हवी असेल तर ९९९ किंवा ११२. आधी "पोलीस" मागा, मग त्यांना "माउंटन रेस्क्यू" म्हणा. नुसती ॲम्ब्युलन्स मागितली तर ती रस्त्यावर येते, तुमच्यापर्यंत नाही. ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या तुमच्या जागेचा आकडा), किती जण, काय झालं, हे लिहून मगच बोला. इथली बचाव पथकं स्वयंसेवी आहेत, पैसे घेत नाहीत. खर्चाच्या भीतीने फोन लांबवू नका. रेंज नसेल तर शिट्टीचे सहा आवाज, मिनिटभर थांबून पुन्हा सहा. तीन आवाजांचं उत्तर आलं तरी थांबवू नका, माणसं दिसेपर्यंत चालू ठेवा.

टप्पा १०: मुक्कामावर पोचल्यावर

त्याच रात्री, अंघोळीआधी, प्रत्येकाने गोचीड शोधायचे. इथले गोचीड खसखशीच्या दाण्याएवढेही असतात. गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली, केसांच्या कडेला आणि कानामागे बघा. मुलांचं डोकं नीट चाचपा. ज्या जागा स्वतःला दिसत नाहीत त्या दुसऱ्याकडून बघून घ्या. इथे संकोच करू नका.

सापडला तर चिमट्याने त्वचेला अगदी लागून पकडा आणि सरळ, सावकाश वर ओढा. तेल, व्हॅसलीन, पेटती काडी, मीठ, असलं काही लावू नका. त्याने गोचीड डिवचला जातो आणि पोटातलं तुमच्या रक्तात सोडण्याची शक्यता वाढते. जागा साबणाने धुवा, फोनमध्ये तारीख टाकून फोटो काढून ठेवा.

गोचीड चावून होणाऱ्या लाइम आजाराचा गोल पसरणारा चट्टा बहुधा एक ते चार आठवड्यांत दिसतो, क्वचित तीन महिन्यांपर्यंतही. सावळ्या त्वचेवर तो लाल न दिसता जांभळट किंवा काळसर दिसू शकतो, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचं तिथेच चुकतं. चट्टा किंवा तापासारखी लक्षणं दिसली तर जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, फोन करा, आणि स्कॉटलंडच्या रानात कोणत्या तारखेला होतो हे आपणहून सांगा. गटातले पाहुणे तोवर भारतात परतले असतील तर त्यांनाही हे आधीच लिहून द्या; तिथल्या डॉक्टरच्या मनात हा आजार पटकन येणार नाही.